गोल्फ न खेळणाऱ्याने कंट्री क्लबाचे सभासद व्हावे काय?

आमच्या चिरंजीवांनी कंट्री क्लबाचे सभासद होण्याचा मानस बोलून दाखविला. घरात गोल्फ कोणासच येत नाही. परंतु ओळखी वाढतील, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आम्ही या प्रश्नाचा जमाखर्च मांडला.

अमेरिकेतील ब्रुकलाइनचा ‘द कंट्री क्लब’ १८८२ साली निघाला, तो घोडेस्वारी व शर्यतींसाठी; गोल्फ तेथे १८९३ साली आला. तेव्हा गोल्फावाचून क्लब व्यर्थ, असे नव्हे. काही क्लबांत न खेळणाऱ्यांसाठी कमी वर्गणीचे निराळे सभासदत्व असते. त्याची चौकशी प्रथम करावी.

समजा, प्रवेशशुल्क २ लाख रुपये. दहा वर्षांत विभागल्यास सालिना २० हजार. वर्गणी २८ हजार. एकूण ४८ हजार. वर्षातून २४ वेळा गेल्यास प्रत्येक खेपेस २,००० रुपये पडतात. १२० वेळा गेल्यास ४००. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबास तेथील रात्रीच्या भोजनाचा उपयोग नाही, हेही ध्यानी घ्यावे.

मुलेबाळे पोहण्यास, वडीलधारी फिरण्यास नित्य जाणार असतील, तर हा खर्च रास्त आहे. केवळ ओळखींसाठी मात्र नव्हे. आमच्या धान्याच्या पेढीस गिऱ्हाईक लाभले ते चोख मापामुळे व वायद्याच्या दिवशी पैसे चुकते केल्यामुळे.

चिरंजीवांनी आपल्या खेपा प्रामाणिकपणे मोजल्या. त्या अठरा भरल्या. अर्ज अद्याप दप्तरातच आहे.