बिजी, बाड आणि आपली वही

शीर्षकातलं 'बिजी' म्हणजे इंग्रजीतलं बिझी नव्हे! हा चिनी शब्द आहे. 'बि' म्हणजे लिहायचा कुंचला आणि 'जी' म्हणजे नोंद. जुन्या चीनमधले विद्वान पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं एका वहीत टिपून ठेवत. एका नोंदीत ग्रहण, दुसरीत औषध, तिसरीत दरबारातला किस्सा. सलग विषय नाही, सिलॅबस नाही. अशा लिखाणाला बिजी म्हणतात. सोंग राजवटीत (९६०–१२७९) हा प्रकार फार बहरला.

आपल्याला जवळचा वाटेल असा बिजीकार म्हणजे शेन कुओ (१०३१–१०९५). हा सरकारी अधिकारी होता. शेवटच्या काळात तो आपल्या बागेत एकांतात राहिला आणि सुमारे १०८८ मध्ये त्याने पाचशेहून जास्त नोंदींचं पुस्तक लिहिलं. चुंबकाची सुई नेमकी दक्षिणेला न राहता किंचित पूर्वेकडे झुकते, हे त्यात आहे. बी शंग नावाच्या एका साध्या कारागिराची नोंदही आहे. या माणसाने १०४० च्या दशकात मातीची सुटी अक्षरं करून भाजली. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरून त्यावर ती जुळवली. पत्रा तापवला की मिश्रण मऊ होई, मग वरून फळी दाबून अक्षरं एका पातळीत आणायची. एका पत्र्यावर छपाई चालू असताना दुसरा जुळवून तयार! प्रॉडक्शनवाल्यांनी हे जरूर वाचावं. गंमत म्हणजे बी शंगबद्दल आज जे माहीत आहे, ते या एका नोंदीमुळेच. ती नसती तर नावही उरलं नसतं.

आपल्याकडे याच्या जवळची वस्तू म्हणजे बाड. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द 'बाडबिस्तरा'पुरताच ठाऊक असतो. पण बाड म्हणजे शिवलेली हस्तलिखित वही. तिच्यात अभंग, आरत्या, औषधं, कधी हिशेबसुद्धा, जे जपावंसं वाटलं ते उतरवलेलं असे. शंकर श्रीकृष्ण देवांनी अशी बाडं मठामठांतून गोळा केली. ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

नोंद विश्वासाची कशी करावी, हे मात्र लीळाचरित्राकडून शिकावं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन जमवल्या. स्वामींच्या मंडळींत आपल्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकरही होते. हा ग्रंथ भक्तीचा आणि एकाच व्यक्तीभोवतीचा, म्हणून त्याला बिजी म्हणता येणार नाही. पण लीळा छोट्या आणि सुट्या आहेत. आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, तिथे वेगळा पाठही 'वासना' म्हणून ठेवलेला आढळतो. एकच खरं ठरवून बाकीचं पुसून टाकलं नाही. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये न जुळणारं रीडिंग आपण काय करतो, ते ज्याचं त्याने आठवावं!

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. इथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या अनुभवातून उभे राहिले. पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडुम कसं बसवायचं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या हाती आपल्यासारखी डिग्री नव्हती. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत, पण ती घडवणाऱ्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? तलाव दिसतो, भांडं दिसतं, करणारा मात्र दिसत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात हे येणार नाही. आणि सांगणारी म्हातारी माणसं काही कायम राहणार नाहीत.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. शंभर पानी एक वही घ्या. सुट्टीत गावी गेलात की आजोबांना, गावातल्या मिस्त्रीला, भांडी घडवणाऱ्या काकांना एक प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव टाका. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. आकृती जमली तर उत्तम, नाही जमली तरी चालेल. जर्नलला मार्क मिळतात, या वहीला कोणी देणार नाही. पण जर्नल सबमिशननंतर रद्दीत जातं. ही वही पन्नास वर्षांनी एखाद्याला सापडली, तर आपल्या गावच्या कुण्या बी शंगचं नाव त्याला कळेल.