झोपेवर संशोधन करून पोट भरतं का?

बोटभर लांबीची काचेची नळी. एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा आणि आत एकच फळमाशी, पिकलेल्या केळ्यांवर घोंघावते तीच. नळीच्या मधोमध अवरक्त किरण सोडलेला असतो. माशीने तो ओलांडला की संगणकात नोंद होते. पाच मिनिटं हालचाल नसली की माशी झोपली असं धरतात. अशा नळ्या दिवसच्या दिवस मिट्ट काळोखात ठेवल्या, तरी माश्यांचं उठणं-झोपणं साधारण चोवीस तासांच्या चक्रात चालूच राहतं. बाहेर दिवस की रात्र हे सांगणारं काहीच नसताना त्यांना वेळ कळते कशी? कालजीवशास्त्र हा विषय याच प्रश्नावर उभा आहे.

1971 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये रोनाल्ड कोनोप्का हा संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक सीमूर बेंझर यांना माश्यांचे तीन विचित्र वाण सापडले. एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 तासांचा, तिसरीला काही वेळापत्रकच नव्हतं. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले निघाले. या जनुकापासून बनणारं प्रथिन रात्री पेशीत साठतं, आपल्याच जनुकाचं काम थांबवतं, हळूहळू नष्ट होतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. कोनोप्का 2015 मध्येच वारले होते. इतका मोठा शोध लावूनही कॅलटेकने त्यांना प्राध्यापकपदावर कायम केलं नव्हतं. मुलांना नोबेलची गोष्ट सांगताना ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी.

यंग यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या अमिता सेहगल दिल्लीत शिकल्या. शरीरातल्या या घड्याळाच्या 'टाइमलेस' या दुसऱ्या जनुकाच्या शोधात त्यांचा मोठा वाटा आहे. आज त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झोपेवर संशोधन करतात.

भारतातही ही परंपरा जुनी आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळं पिंजऱ्यात घालून अंधाऱ्या गुहेत ठेवली. सूर्य दिसत नसताना त्यांची वेळ बिघडली नाही, कारण गुहेतून रोज बाहेर पडणाऱ्या थव्याची चाहूल त्यांना पुरत होती. आज बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये आणि निमहान्समध्ये असं काम चालतं. आणि आपल्या महाराष्ट्रात? नगरच्या अहमदनगर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने हिमालयातल्या उंचावरच्या फळमाश्या कोषातून कोणत्या वेळी बाहेर पडतात, यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत शोधनिबंध छापले. साध्या पदवी महाविद्यालयातून हे घडलं, याचं अप्रूप वाटायला हवं.

या वाटेला 'नीट' परीक्षा लागत नाही. बारावी विज्ञाननंतर आयसर पुण्यासारख्या संस्थांत आयएटी परीक्षेतून जाता येतं. नाहीतर प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा मानसशास्त्रात पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण आणि सीएसआयआर-नेट (मानसशास्त्रवाल्यांना यूजीसी-नेट). जीवशास्त्र घेणाऱ्यांनी गणित सोडायची घाई करू नये. झोप-जागेच्या लयींचा अभ्यास म्हणजे रोजचा आकडेमोडीचा मामला. वेळ पडली तर दर चार तासांनी, दिवसरात्र, नमुने गोळा करायचीही तयारी लागते.

पैशाचं काय? कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. दोन वर्षांनी ती 42,000 होते, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, त्यानंतर बहुतेकांना परदेशात किंवा देशातच पोस्ट-डॉक करावं लागतं. म्हणजे कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, तीही जागा निघाल्या तर. घरावर कर्ज असेल तर हा हिशेब आधीच मांडून बसावं.

ज्यांना इतकं थांबायचं नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या वाटा आहेत. रुग्णालयांच्या स्लीप लॅबमध्ये रात्रभर मेंदूलहरी, श्वास आणि प्राणवायूची पातळी नोंदवणारे तंत्रज्ञ लागतात. निद्रानाशावर वर्तनोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ लागतात, घोरण्या-गुदमरण्याचे रुग्ण पाहणारे डॉक्टर लागतात.

निर्णयाआधी एक उन्हाळा प्रयोगशाळेत घालवावा. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिथे गेल्यावर प्राध्यापकांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्यांशी जास्त बोलावं आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे आवर्जून विचारावं.