स्मृतिभ्रंश : कुटुंबास गावाची साथ

जालना जिल्ह्यात अंबड असो वा जाफराबाद, वृद्धांचे विस्मरण बहुधा ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. त्याच्या प्रमुख प्रकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली केले. ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉईड स्रावाच्या उणिवेने आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. म्हणून तपासणी आधी, निष्कर्ष मागाहून. एकच प्रश्न दहादा आला तरी वाद न घालता उत्तर द्यावे. खरा भार पडतो तो बहुधा सुनेवर. तिची मजुरी बुडते, विचारपूस मात्र क्वचितच होते. ग्रामपंचायतीने आशा सेविकेमार्फत, गाजावाजा न करता, अशा घरांची माहिती ठेवावी. वाट चुकलेल्या वृद्धास घरी पोचविण्याची जबाबदारी वाटून द्यावी. ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर २०२२ पासून कुटुंबीयांस निःशुल्क सल्ला मिळतो, हा क्रमांक शाळेच्या फलकावरही लिहिता येईल.