‘आंग्रिया’ जहाजाची दोन आयुष्ये

विक्रोळीत कोकणातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येकांचे आजे-पणजे आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ जहाज मुंबईहून गोव्यास जाऊ लागले, तेव्हा वडीलधाऱ्यांस आपली जुनी बोटच परत आली असे वाटणे साहजिक होते. वस्तुतः जुन्या बोटीशी या जहाजाचे खरे नाते होते ते त्याच्या पहिल्या आयुष्यात, आणि तेही जपानात.

हे जहाज १९९७ साली बांधले गेले. त्याचे मूळ नाव ‘ओगासावारा मारू’ व लांबी सुमारे १३१ मीटर. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे १००० किलोमीटरांवर ओगासावारा बेटे आहेत. तेथे विमानतळ नाही. भाजीपाला, टपाल, शिकावयास निघालेला मुलगा, सुट्टीवर आलेली लेक, सर्व काही बोटीनेच येते व जाते. ही बोट साधारणतः सहा दिवसांतून एकदा बेटावर येई. एका प्रवासास साडेपंचवीस तास लागत. सुमारे हजार उतारू मावत, व स्वस्त वर्गातील लोक मोठ्या दालनात जमिनीवरच शेजारी शेजारी निजत. आमच्या कोकणी उतारूंनी डेकवर पसरलेल्या वळकट्यांची येथे कोणास आठवण होणार नाही? बोट सुटली की बेटवासीयांच्या लहान होड्या तिच्या मागोमाग दूरवर जात, आणि तरुण मुले निरोपादाखल समुद्रात उड्या घेत. ती चाल तेथे आजही आहे.

२०१६ साली अधिक मोठी व वेगवान नवी बोट त्या मार्गावर आली, आणि एकोणीस वर्षांची जुनी बोट सेवामुक्त झाली. पुढे ती हिंदुस्थानात आली. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे आणि विजयदुर्गापासून दूर भर समुद्रात असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या प्रवाळभूमीचे नाव तिला मिळाले. आत १०४ खोल्या, उपाहारगृहे व पोहण्याचा हौद झाला. हजारांच्या जागी ३९९ उतारूंची सोय राहिली, कारण खोली, हौद व भोजनगृह यांस लागणारी जागा माणसांच्या निजण्याच्या जागेतूनच काढावी लागते.

जहाजाचे काम बदलणे ही गोष्ट नवी नव्हे. प्रेषित पौल रोमेकडे निघाला तेव्हा ज्या गलबतावर २७६ माणसे होती, ते मुळात गहू वाहणारे होते! परंतु मालाच्या गलबतास माल मिळतोच; सहलीच्या जहाजास हौशी मनुष्य शोधावा लागतो. बेटावरील माणसास बोटीवाचून गती नव्हती. मुंबईकरास मात्र गोव्यास जाण्यास आगगाडी, मोटार व विमान आहे. १९९८ पासून कोकण रेल्वेही पूर्ण झाली आहे. शिवाय आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात असल्या फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. उत्पन्न थांबते, डागडुजी व खलाशांचे पगार थांबत नाहीत.

‘आंग्रिया’ सायंकाळच्या सुमारास मुंबई सोडी व सकाळी गोव्यास पोचे. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही बंदरे रात्रीच्या अंधारात मागे पडत. जुनी बोट अशा बंदरांबाहेर उभी राही, पडाव येऊन उतारू व त्यांची बोचकी उतरवून नेत. हे जहाज ज्या आंगऱ्यांचे नाव मिरवी, त्यांच्याच विजयदुर्गासमोरून न थांबता पुढे जाई. आमच्या मते येथेच त्याचे कोकणाशी असलेले नाते तुटले. डेकवरील मावळता सूर्य सुंदर असेल. पण तो पाहण्यास कोणी दर महिन्यास तिकीट काढीत नाही.

२०२० च्या मार्चात करोनाची साथ आली आणि फेऱ्या थांबल्या. बेटाच्या सेवेत एकोणीस वर्षे, सहलीच्या सेवेत दोन वर्षेही नाहीत.

त्याच मार्च महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तिच्यावर पोहण्याचा हौद नाही. अलिबागेकडे जाणारी बिऱ्हाडे, दुचाक्या व सामान घेऊन ती सुमारे तासाभरात पलीकडे पोचते.