वॉटसन हॉटेल : एका लोखंडी सांगाड्याचे वाचन

ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लेणी, वाडे आणि मंदिरे उभी राहतात. एखादे बंद पडलेले हॉटेल हीसुद्धा अभ्यासाची वस्तू असू शकते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. मुंबईच्या काळा घोडा भागात, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या ओळीत, एक पाचमजली इमारत आहे. तिचे आजचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. मूळचे वॉटसन हॉटेल. २०१९ साली धोकादायक ठरवून ती रिकामी करण्यात आली. त्यामुळे माझे सारे निरीक्षण फूटपाथवरूनच झाले; पण या इमारतीचे वैशिष्ट्य असे की, तिचे मर्म बाहेरूनही कळते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विक्रीस निघाले. त्यांतला एक जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने घेतला. इमारतीचा आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या भव्य छपराच्या कामात त्याचा हात होता. वॉटसनच्या इमारतीचे खांब आणि तुळया इंग्लंडात तयार झाल्या, जहाजाने मुंबईस आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडल्या गेल्या. इमारत पार्सलने मागवली, असे म्हटले तरी चालेल!

आता मुख्य मुद्दा. आपल्या जुन्या वाड्यांत किंवा शेजारच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या दगडी इमारतीत जाड भिंती भार वाहतात. येथे भार वाहतो तो लोखंडी सांगाडा. खांबांमधल्या विटांच्या भिंती केवळ पडद्यासारख्या. म्हणूनच दर्शनी बाजूला एवढी उघडीक ठेवता आली आणि प्रत्येक मजल्यावर सलग सज्जा काढता आला. आतमध्ये मोठा चौक होता व त्यावर काचेचे छप्पर होते. पुढे उंच इमारतींसाठी जगभर रूढ झालेल्या सांगाड्याच्या बांधणीचे हे फार आधीचे उदाहरण आहे. मात्र या पद्धतीत एक मेखही आहे. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. वाकण्याआधीच ते तडकते. त्यातून मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा! गंज चढू न देणे हीच अशा इमारतीची खरी देखभाल.

हॉटेलच्या वैभवाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल (१९०३) बांधले, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. इतिहासकार तिच्याविषयी शंका घेतात, आणि मलाही ती फार सोयीस्कर वाटते. त्यापेक्षा मार्क ट्वेनचा अनुभव अधिक बोलका आहे. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस आला व येथे उतरला. एका युरोपियनाने हॉटेलच्या हिंदी नोकराच्या तोंडावर हात उगारला आणि नोकराने तो मुकाट्याने सोसला, हे त्याने पाहिले. ते पाहून त्याला आपल्या बालपणीचे गुलाम आठवले. ही नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ येथे झाला. तिकीट एक रुपया. हॉटेल युरोपियनांचे, म्हणून प्रेक्षकवर्गही बहुतांशी तोच. लवकरच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले आणि तेथे चार आण्यांपासून तिकिटे निघाली. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनवरील कुस्तीचे चित्रण केले, ते याच नव्या कलेच्या ओढीने. तेव्हा चित्रपटाचे जन्मस्थान म्हणून वॉटसनचे नाव घेताना नॉव्हेल्टीच्या चार आणेवाल्या प्रेक्षकाला विसरू नये, असे मला वाटते.

हॉटेल बंद झाल्यावर मोठ्या खोल्यांचे गाळे पडले. न्यायालये जवळ असल्याने वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. काही कुटुंबे राहू लागली. पोटमाळे व आडभिंती वाढल्या. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत जागतिक स्मारक निधीने तिचा समावेश केला. पुढे आयआयटी मुंबईच्या तपासणीत ती पाडण्याची शिफारस झाली; उलट दुरुस्ती शक्य आहे, असे वारसा-वास्तुतज्ज्ञांनी मांडले. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

इमारत कोसळली तर मरतो तो फूटपाथवरचा माणूस. त्यामुळे पाडा म्हणणाऱ्यांची चिंता खोटी म्हणता येत नाही. पण सांगाड्यावरचा भार कशाचा, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मूळ आराखड्यातला किती आणि नंतर चढवलेल्या भिंती-माळ्यांचा किती? हा नंतरचा भार उतरवून प्रत्येक खांब वेगळा तपासता येतो, कारण ही वास्तू मुळात सुटे भाग जोडूनच बनली आहे. दर्शनी बाजू राखून मागे नवे काँक्रीट उभारावे, असेही कोणी म्हणेल. दगडी इमारतीत त्याने निदान भिंत तरी शिल्लक राहील. येथे मात्र सांगाडा काढल्यावर राखायला उरतील त्या फक्त पडद्याच्या विटा.