धावते अक्षर

मुलांनो, एखादे छापील इंग्रजी पुस्तक समोर घ्या आणि त्यातील मोठा 'टी' भिंगातून न्याहाळा. बहुधा त्याच्या तळाशी दोन्ही अंगांस बारीक पावले फुटलेली दिसतील. या पावलांना 'सेरिफ' म्हणतात. आता मालमोटारीवरील किंवा खेळाडूच्या सदऱ्यावरील नाव पाहा. तेथील अक्षरांना पुष्कळदा पावले नसतात. त्यांच्या रेषा जाड असतात आणि ती उजवीकडे अशी झुकलेली असतात, की जणू आत्ताच धावत सुटतील. हे तीन गुण आज एका अक्षरात नांदत असले, तरी ते एका घरी जन्मलेले नाहीत.

तिरपेपणा सर्वांत जुना. व्हेनिसचा मुद्रक अल्डस मानुटियस याने १५०१ साली व्हर्जिल या लॅटिन कवीची काव्ये हातात मावेल अशा लहान पुस्तकात छापली. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून ठसे कोरले. गंमत अशी, की त्यातील मोठी अक्षरे मात्र सरळच उभी होती! पावले गळाली ती पुढे तीनशे वर्षांनी. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनने १८१६ च्या सुमारास तशी अक्षरे आपल्या नमुन्यांत दाखविली. पुढे १८४५ साली लंडनमध्येच 'क्लॅरेंडन' हा जाड ठसा निघाला. साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा, हे त्याचे काम. पावले त्याला होतीच.

विसाव्या शतकात एकाच ठशाची सरळ, तिरपी, जाड आणि जाड-तिरपी अशी भावंडे घडविण्याची रीत रूढ झाली. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या व पुढे 'हेल्वेटिका' या नावाने गाजलेल्या ठशाचे कुटुंब असेच आहे. त्याचे तिरपे अक्षर सुमारे बारा अंशांनी कलते. परंतु अक्षर नुसते कलते केले, की गोल भाग वेडेवाकडे होतात. ते रेखाटणाऱ्याला हाताने सुधारावे लागतात. जाडीचेही तसेच. रेषा फुगली, की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा आकसते आणि बारीक आकारात छापल्यास ती शाईने भरून जाते.

आपल्या देवनागरीत हा धोका अधिक. अक्षर कितीही कलले तरी शिरोरेषा आडवीच राहते, हे खरे. पण 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरील इवलीशी फट बुजली, तर 'धन' चे 'घन' होते आणि 'भार' चा 'मार'! म्हणून असे अक्षर मथळ्याला, पाटीला, दोन-चार शब्दांना शोभते.

हे मी एकदा फजिती करून घेऊन शिकलो. मुख्याध्यापक असताना सहलीची सूचना छापावयास दिली, तेव्हा महत्त्वाची म्हणून ती सबंध जाड-तिरप्या अक्षरांत छापा, असे मीच सांगितले. खिळे जुळविणारा वृद्ध जुळारी म्हणाला, "गुरुजी, एकच ओळ जाड करू या." मी ऐकले नाही. सहलीच्या दिवशी निम्म्याहून अधिक मुले डब्यावाचून आली. 'सोबत डबा आणावा' ही ओळ त्या काळ्या गर्दीत कोणाला दिसलीच नव्हती.

पुढील वर्षी तेवढी एकच ओळ जाड झाली. त्या सहलीला एका मुलाने दोन डबे आणले.