संगणकातील अंगभूत मापके व त्यांचा उपयोग

ज्या प्राथमिक शाळांत संगणक आहे, तेथे ‘यंत्र फार मंद झाले’ ही तक्रार नवी नाही. तक्रार झाली की यंत्रावर आच्छादन पडते, किंवा ते तालुक्याच्या गावी दुरुस्तीस जाते. दोन्ही प्रकारांत मुलांचे तास बुडतात. आणि दोष नेमका कोठे होता, हे बहुधा अज्ञातच राहते. वस्तुतः तो शोधण्याची मापके प्रत्येक विंडोज संगणकात मुळातच बसविलेली असतात. त्यांसाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून ही सोय उपलब्ध आहे. विंडोज १० मध्ये चौकट लहान उघडल्यास तळाशी ‘मोअर डिटेल्स’ येथे टिचकी द्यावी. ‘प्रोसेसेस’ या पानावर चालू कार्यक्रमांची यादी असून समोर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क व नेटवर्क असे रकाने असतात. रकान्याच्या शीर्षकावर टिचकी दिली की सर्वांत अधिक भार घालणारा कार्यक्रम वर येतो. ‘परफॉर्मन्स’ या पानावर गेल्या ६० सेकंदांचा आलेख दिसतो. ‘विंडोज प्रोसेसेस’ या गटातील अपरिचित नावे मात्र बंद करावयास जाऊ नये.

येथे घाईने निर्णय करणे इष्ट नव्हे. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळलेला पाहून नवखा निरीक्षक डिस्कलाच दोषी ठरवितो. परंतु त्याच वेळी मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर प्रकार निराळा. मेमरी अपुरी पडली की विंडोज तीतील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते व लागेल तसा परत आणते. स्वयंपाकघरातील फळी भरली म्हणजे प्रत्येक डबा माळ्यावरून काढावा लागतो. त्यात माळ्याचा काय अपराध? अशा वेळी ब्राउझरमधील अनावश्यक पाने मिटावी, आणि पुढे शक्य झाल्यास मेमरी वाढवावी. मेमरी निम्मी मोकळी असूनही जुनी हार्ड डिस्क वारंवार पूर्ण भरावर राहत असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविणे नव्या यंत्राहून पुष्कळ स्वस्त पडते. उन्हाळी सुटीनंतर जूनमध्ये प्रथमच सुरू केलेले यंत्र मात्र या परीक्षेस पात्र नाही. साचलेली अद्ययावतीकरणे व विषाणुतपासणी एकाच वेळी चालत असतात. इंटरनेट जोडून ते तास-दोन तास तसेच राहू द्यावे.

आकड्यास अर्थ येतो तो तुलनेने. याचे उत्तम उदाहरण आपल्या अलिबागलाच आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय वेध बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी वेध एकाच वेळी घेण्यात आले, ते जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून. आपणही यंत्र सुरळीत चालत असलेल्या दिवशी, सुरू केल्यावर दहा मिनिटांनी, चारही आकडे वहीत टिपून ठेवावे. (टास्क मॅनेजर स्वतःही किंचित भार घालतो व स्वतःच्याच यादीत दिसतो, ही गंमत मुलांना अवश्य दाखवावी.)

पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावांना ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ विशेष उपयोगी आहे. शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टंकित केल्यास तो सापडतो. त्यात यंत्राच्या स्थैर्यास रोज १ ते १० यांमधील गुण दिलेले असून, बिघाडाच्या व अवचित बंद पडण्याच्या दिवशी तांबडी फुली असते. फुल्या आणि वीज गेल्याच्या तारखा जुळल्या, तर प्रथम यूपीएस तपासावा.

भार पुष्कळ असताना ‘परफॉर्मन्स’ पानावरील ‘स्पीड’ हा आकडा ‘बेस स्पीड’च्या बराच खाली राहिल्यास, प्रायः उष्णतेचा संशय घ्यावा, मग पंखा व हवेची छिद्रे धुळीने बुजली आहेत काय, ते पाहावे. यंत्र दुरुस्तीस धाडण्याची वेळ आलीच, तर वहीतील दोन्ही दिवसांच्या आकड्यांची नक्कल त्यासोबत द्यावी.